स्कोमरच्या थंड पाण्यात उतरायचं तर आधी हातांची तयारी

एकोणिसाव्या मिनिटाला माझ्या उजव्या हाताच्या बोटांनी ऐकणं बंद केलं. अंगात थंडी भरली नव्हती, ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या पोशाखाच्या, आत चांगली ऊब होती. खोली 11 मीटर, पाणी 12 अंश. कमरेच्या रिंगला अडकवलेल्या, दोर गुंडाळलेल्या रीलचा क्लिप सोडवायचा, एवढंच काम होतं. कोथरूडच्या माझ्या क्लिनिकमध्ये मी गेली वीस वर्षं लोकांच्या आखडलेल्या बोटांना हलायला शिकवते आहे, आणि त्या दिवशी माझाच अंगठा त्या खिट्टीवर नेमका टेकेना. भावोजींनी क्लिप सोडवून दिला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. आम्ही वर आलो.

ते बेट म्हणजे स्कोमर. वेल्सच्या नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्याजवळ, जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं. मावसबहीण कार्डिफला राहते, तिचा नवरा, म्हणजे हेच भावोजी, तिथल्या एका डायव्हिंग क्लबात आहे, म्हणून मी तिथे पोहोचले. नंतर आणखी दोन वेळा जाऊन आले. मालवण-तारकर्लीला डायव्हिंग शिकलेले पुण्यातले काही जण आता ‘थंड पाण्याची तयारी कशी करायची’ म्हणून विचारतात. माझं उत्तर दर वेळी हातांपासून सुरू होतं. हात निकामी झाले की व्हॉल्व्ह, क्लिप, मास्क, वजनं सगळंच हातातून जातं. बरं, अंगाला हुडहुडी भरायच्या कितीतरी आधी हात जातात.

आधी एक गैरसमज दूर करू. तारकर्लीला किंवा मालवणला प्रशिक्षक तुमच्या सिलिंडरला धरून सहा-सात मीटरवर फिरवून आणतो, फोटो काढतो, तो अनुभव सुंदर असतो, पण ते प्रशिक्षण नव्हे. स्कोमरला जायचं तर हातात निदान ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं, सर्टिफिकेट हवं. त्यात 18 मीटरपर्यंतची मुभा मिळते आणि पहिल्या वर्षी तेवढी पुरते. तारकर्लीच्या सरकारी संस्थेत हा कोर्स करता येतो. त्यानंतर कोमट पाण्यात पंधरा-वीस डाइव्ह होऊ द्या. ब्रिटनमध्ये बोटीवर कुणी तुमचा हात धरून नेत नाही. बोटवाला जागेवर सोडतो, वेळ सांगतो आणि वर थांबतो, खाली तुम्ही आणि तुमचा बडी, म्हणजे जोडीदार. ज्याला स्वतःची तरंगण्याची पातळी सांभाळता येत नाही, म्हणजे वर न उसळता, तळाला न टेकता एका खोलीवर राहता येत नाही, त्यानं ड्रायसूटच्या वाटेला इतक्यात जाऊ नये.

दुसरी पायरी डॉक्टरची. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. थंड पाणी लागलं की कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकललं जातं आणि रक्तदाब चढतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी, डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्यावं. अशा माणसांच्या फुप्फुसात बुडालेल्या अवस्थेतच पाणी साठायचा धोका असतो. काही विशेष कष्ट न करता धाप लागली, खोकला आला, छातीत खळखळ वाटली, तर त्या क्षणी डाइव्ह संपली. वर या, ऑक्सिजन घ्या, दवाखाना गाठा. थंडीत ज्यांची बोटं पांढरीफटक पडतात त्यांनीही हे डॉक्टरांना आधी सांगावं.

आता ड्रायसूट. वेटसूट पाणी आत घेतो आणि अंगाच्या उबेवर ते गरम राहतं. त्याच्या निओप्रीन या फेसाळ रबरातले हवेचे बुडबुडे खोलीबरोबर दबतात. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, 20 वर तिप्पट होतो, म्हणजे ज्या खोलीवर ऊब जास्त हवी तिथेच सूट पातळ झालेला असतो. ड्रायसूटमध्ये पाणी येतच नाही, मान आणि मनगटांना लेटेक्स किंवा सिलिकॉनचे सील असतात, छातीवरच्या बटणानं सिलिंडरमधली हवा आत भरता येते आणि डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती बाहेर जाते. ऊब सूटमुळे मिळत नाही, आतल्या कपड्यांमुळे मिळते. सुती गंजी घालून उतरू नका, घाम धरून ठेवते. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिकचा थर, वर जाड अंडरसूट. मी लक्ष्मी रोडवरून घेतलेला साधा लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर मधल्या थराला वापरते आणि त्याचा उपयोग हातांनाच सगळ्यात जास्त होतो. कारण सोपं आहे: पोट-छाती गार पडली की शरीर पहिल्यांदा हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं.

ड्रायसूटचा कोर्स वेगळा करावाच लागतो. साधारणपणे तलावातलं एक सत्र आणि खुल्या पाण्यातल्या दोन डाइव्ह. इंग्लंडमध्ये हे बहुतेक जण पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत शिकतात. लेस्टरशायरमधलं स्टोनी कोव्ह त्यातलं एक. भरती-ओहोटी नाही, प्रवाह नाही, म्हणून शिकायला बरं. खाणीतलं गोडं पाणी मात्र वसंतातही बोचरं असतं. सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणाऱ्या रेग्युलेटरमधून हवा फैलावताना ती आणखी गार होते, त्यामुळे फार थंड पाण्यात आतला भाग गोठून हवा थांबेचना असं होऊ शकतं. भाड्यानं रेग्युलेटर घेताना तो 10 अंशांखालच्या पाण्यासाठी प्रमाणित आहे का ते विचारा आणि पाण्याबाहेर उगाच त्यातून श्वास घेऊ नका, त्यातून हवा जोरात सोडणारं पर्जचं बटण दाबू नका.

कोर्समध्ये दोन गोष्टी झोपेतही करता येतील इतक्या घोटा. एक, पाय वर होऊन सगळी हवा पावलांत गेली तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि हवा खांद्याकडे आणायची. दोन, हवा भरायचा व्हॉल्व्ह अडकून सूट फुगायला लागला तर छातीवरची नळी तिथल्या तिथे काढायची. ही दुसरी गोष्ट उघड्या बोटांनी दोन सेकंदांत होते. जाड हातमोज्यांत, गारठलेल्या बोटांनी तिला किती वेळ लागतो हे तुम्ही स्वतः मोजलेलं असायला हवं.

सीलबद्दल माझ्या पेशातली एक गोष्ट सांगते. मूठ घट्ट आवळून मनगट जरा आत वाकवा. मधोमध दोरीसारखी कंडरा उठून दिसेल. (काही जणांच्या हातात ती जन्मापासून नसतेच, तेव्हा दिसली नाही तर घाबरू नका.) तिच्या दोन्ही बाजूंना खोबणी पडते आणि नेमक्या त्या खोबणीतून पाणी सीलखाली शिरतं. पहिल्या दिवशी माझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजली ती अशीच, खडकाला मूठ आवळून धरल्यामुळे. तेव्हापासून मी पाण्याखाली काही धरायचं तर बोटांच्या टोकांनी, मनगट सरळ ठेवून धरते. सील मनगटाच्या हाडाच्या वर, सपाट भागावर सरकवून बसवा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, मंगळसूत्र घरीच. वेणीचा एक केस जरी मानेच्या सीलमध्ये अडकला तरी पाण्याला वाट मिळते, म्हणून अंबाडा घालून हूडच्या आत नीट खोचा. मानेचं सील फार घट्टही नको. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर दाब पडला तर चक्कर येते. सूट घातल्यावर डोकं हलकं वाटलं तर ‘होईल सवय’ म्हणत उतरू नका, सील बदलून घ्या.

आता हात. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. म्हणजे नुसता हातमोजा जाड घेऊन भागत नाही, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग गार पडला की पकड जाते. मला एकोणिसाव्या मिनिटाला जे झालं ते त्या भिजलेल्या बाहीमुळे. त्यानंतर मी अंडरसूटच्या आत, मनगटापासून कोपरापर्यंत, आईनं विणलेल्या लोकरीच्या पट्ट्या घालते. सीलच्या काठाला लोकर लागू द्यायची नाही, नाहीतर तीच वातीसारखं पाणी शोषते. हातमोजे 5 मिलिमीटरचे निओप्रीनचे. कोरडे हातमोजे त्याहून उबदार असतात, पण ते बसवायची रिंग वेगळी लागते आणि एक जरी भोक पडलं तरी गार पाणी एकदम आत येतं. पहिल्या वर्षी साधे ओले हातमोजे घ्या आणि डाइव्ह अर्ध्या तासाची ठेवा.

सराव पुण्यातच करायचा. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून तीनदा करते. बादलीत पाणी, वाण्याकडचा बर्फ आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर. पारा 12 वर आला की हातमोजे घालून कोपरापर्यंत दोन्ही हात बुडवायचे. शेजारी मोबाइलवर वेळ लावलेली. दर पाच मिनिटांनी हात बाहेर न काढता कामं करायची: क्लिप उघडणं-लावणं, रीलची खिट्टी सोडणं, जुन्या इन्फ्लेटरची, म्हणजे हवा भरायची, नळी जोडणं-काढणं, मास्कचा पट्टा ओढणं. आधी बघून, मग डोळे मिटून, मग एकाच हातानं. कितव्या मिनिटाला कोणतं काम बिघडलं ते वहीत लिहायचं. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात नळीचं काम चौदाव्या मिनिटाला बिघडत होतं.

हे थंडी सोसण्याचं व्रत नव्हे. बोटं दुखून मग बधिर झाली, पांढरी पडली, की थांबायचं आणि हात काखेत धरून गरम करायचे, गिझरच्या कढत पाण्याखाली धरायचे नाहीत. तुमची बोटं कोणत्या मिनिटाला साथ सोडतात तो आकडा ओळखण्यासाठी हे करायचं. समजा तो आकडा वीस निघाला, तर स्कोमरला तुम्ही पंधराव्या मिनिटालाच परतीची खूण करायची. आणि पाण्याखाली दर पाच मिनिटांनी अंगठ्यानं करंगळी टेकवून पाहायची. टेकली नाही तर डाइव्ह संपली, समोर कितीही सुंदर काही असलं तरी.

चेहऱ्याचा सरावही तितकाच हवा. ड्रायसूटमध्ये गालच तेवढे उघडे असतात आणि गार पाणी तोंडावर आलं की श्वास एकदम ओढला जातो. हा झटका पहिली एक-दोन मिनिटंच असतो. घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन स्नॉर्कल तोंडात धरून चेहरा बुडवायचा आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायचं, ओढण्याकडे नाही. घरात दुसरं माणूस जागं असताना आणि हृदयविकार नसेल तरच. तिथे बोटीवरून उतरल्यावरही मी लगेच खाली जात नाही. दोरीला धरून, चेहरा पाण्यात घालून दोन मिनिटं थांबते, श्वास जागेवर आला की मग हवा सोडून खाली जाते.

तरंगण्याचा सराव पोहण्याच्या तलावात होतो. मी डेक्कनवरच्या टिळक टँकला लहानपणी पोहायला शिकले, त्यामुळे डिसेंबरातल्या सकाळच्या पाण्याची भीती अशी कधी नव्हतीच. खडकवासल्याला किंवा मुळशीला ‘जरा प्रॅक्टिस’ म्हणून उतरायचा विचार मात्र कुणी करू नये. धरणांचा तळ गाळाचा, झाडाझुडपांचा असतो, विसर्ग कधी सुरू होईल याचा नेम नाही, आणि तिथे पोहता येणारी माणसंही बुडतात.

स्कोमरला थंडीइतकाच मान भरती-ओहोटीला द्यावा लागतो. बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या जॅक साउंड नावाच्या अरुंद सामुद्रधुनीतून पाणी नदीला पूर आल्यासारखं धावतं. जवळच्या मिलफर्ड हेवनला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत सहा मीटरच्या वर फरक असतो, भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी जोराच्या भरतीच्या, वेळी तो तीनच्याही खाली येतो. म्हणून तारीख ठरवताना मी पहिल्यांदा आपलं भिंतीवरचं कॅलेंडर काढते. अमावास्या-पौर्णिमेला लागून उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग, हे कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. चंद्र तिथेही तोच. अष्टमीच्या पुढचा शनिवार-रविवार मिळाला तर तोच पकडायचा, मगच विमानाचं तिकीट बघायचं. नेमकी वेळ तिथल्या भरतीच्या तक्त्यावरून आणि बोटवाल्याच्या सांगण्यावरून. पाणी स्थिर होण्याची वेळ किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीच्या वेळेशी जुळेलच असं नाही. आणखी एक, छापील तक्ते बऱ्याचदा ग्रिनिच वेळेत असतात, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं. हा एक तास मिळवायला विसरलं तर स्थिर पाणी निघून गेल्यावर तुम्ही उडी मारता.

पहिली डाइव्ह बोटीवरून करू नका. बेटाच्या समोर, मुख्य भूमीवर मार्टिन्स हेवन नावाची गोट्यांची छोटी खाडी आहे, तिथून चालत उतरता येतं. वाहनतळापासून किनाऱ्यापर्यंतचा उतार मात्र सिलिंडर पाठीवर घेऊन चांगलाच जाणवतो, येताना जास्त. दोन फेऱ्या करा. बेटावर जाणाऱ्या प्रवासी बोटी याच खाडीतून सुटतात, त्यांच्या वाटेपासून लांब राहा आणि वर फुग्याची खूण ठेवा. खाडीच्या टोकाबाहेर जायचं नाही, तिथे प्रवाह वाट बघत असतो. आतल्या आत, कडेकडेनं, दहा मीटरपर्यंत. वजनं इथेच ठरवा. ड्रायसूटला वेटसूटपेक्षा जास्त शिसं लागतं, आणि वर येताना सिलिंडर संपत आलेला असतानाही पाच मीटरवर थांबता येईल इतकं ते हवं. शिसं आणि सिलिंडर ब्रिटनमध्येच भाड्यानं मिळतात. पुण्याहून मास्क, खोली आणि वेळ मोजणारा डायव्हिंगचा कॉम्प्युटर, हूड आणि सरावाचे हातमोजे न्या.

हंगाम जून ते सप्टेंबर. मार्चमध्ये पाणी आठ-नऊ अंशांवर असतं, ऑगस्ट-सप्टेंबरला सोळाच्या आसपास पोहोचतं. मे महिन्यात सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि पाणी हिरवट, गढूळ होतं. पफिन पक्षी बघायचे असतील तर जुलै संपायच्या आत जा, ऑगस्टमध्ये ते समुद्रावर निघून जातात. बेटावर चाळीस हजारांहून जास्त पफिन येतात, आणि मँक्स शियरवॉटर या पक्ष्याची जगातली सगळ्यात मोठी वसाहत इथे आहे. सील या समुद्री प्राण्याची पिल्लं ऑगस्टअखेरीपासून जन्मतात, तेव्हा त्यांच्या किनाऱ्यांजवळ जायचं नाही. पाण्यात करडे सील आपणहून येतात, आपल्या पायातल्या फिनचं टोक तोंडात धरून बघतात. त्यांच्या मागे पोहायचं नाही, हात पुढे करायचा नाही. जागेवर थांबलं तर ते जास्त वेळ राहतात.

1990 पासून इथला समुद्र राखीव आहे आणि 2014 पासून तो वेल्समधलं सागरी संवर्धन क्षेत्र आहे. शिंपले उचलायला बंदी आहे, आणि तळावरचे मोठे स्कॅलॉप पाहिले की त्या बंदीनं काय होतं ते कळतं. खडकांवर गुलाबी सी फॅन नावाचे प्रवाळ असतात, पंख्यासारखे, वर्षाला जेमतेम एखाद सेंटिमीटर वाढणारे. तुमच्या फिनच्या एका फटक्यानं पंचवीस वर्षांची वाढ मोडू शकते. म्हणून तरंगण्याचा एवढा आग्रह. शेजारीच पांढऱ्या-नारिंगी मऊ प्रवाळाचे गुच्छ दिसतात, त्यांना इंग्रजीत ‘मेलेल्या माणसाची बोटं’ म्हणतात. ते दिसले की मी करंगळीला अंगठा टेकवून बघते.

1967 साली बुडालेली लूसी नावाची डच मालवाहू बोट बेटाजवळच तळावर सरळ उभी आहे. सगळे तिच्याबद्दल बोलतील. ती 40 मीटरवर आहे, आपल्यासाठी नाही. निदान पहिल्या दोन-तीन वर्षांत तरी नाही.

बोटीवरच्या दिवशी पाणी पीत राहा. थंडीत आणि पाण्याखाली लघवी जास्त होते म्हणून बायका पाणी प्यायचं टाळतात, ते चुकीचं आहे, कोरड्या पडलेल्या शरीराला डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो. मोठ्यांचं डायपर घाला, तिथे बऱ्याचजणी घालतात. दोन डाइव्हच्या मध्ये ओले हातमोजे काढून कोरडे लोकरीचे घाला, टोपी घाला, थर्मासमधला आल्याचा चहा आणि डिंकाचा लाडू घ्या. दुसरी डाइव्ह पहिलीपेक्षा उथळ आणि लहान. वर येताना अंग गार असेल तर शरीरातला नायट्रोजन हळू बाहेर पडतो, म्हणून कॉम्प्युटर मोकळा दाखवत असला तरी मी पाच मीटरवर तीनऐवजी पाच मिनिटं थांबते. हातांनी साथ दिली तर. आल्या आल्या कढत पाण्याचा शॉवरही नको. सांधे दुखले, मुंग्या आल्या, तर थंडीमुळे असेल असं मनाशी ठरवू नका, बोटवाल्याला सांगा. किनाऱ्यावर असाल तर 999 लावून कोस्टगार्ड मागा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ द्यायचे असतात, मी पूर्ण दिवस ठेवते.

सूट घेतलाच असेल तर परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. पुण्याचं ऊन लेटेक्सला एका मोसमात चिरा पाडतं. सीलना बिनवासाची टाल्कम पावडर, झिपला मेण, आणि सूट सैल गुंडाळून कपाटात, माळ्यावर नको, एप्रिलमध्ये तिथे भट्टी असते. हातमोजे मी वेगळे ठेवते, न्हाणीघरातल्या बादलीशेजारच्या खुंटीला. नोव्हेंबरात पुन्हा लागतात.